शेतीनं गरिबी हटते, मग आपली काऊन नाही हटली?

धुऱ्यावरचा
पुतण्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. क्लासनं निबंध दिला, 'आर्थिक वाढ व दारिद्र्य निर्मूलनात शेतीचा वाटा'. परवा संध्याकाळी तो छपरीत बसून मोठ्यानं वाचत होता. जागतिक बँकेच्या २००८ च्या विकास अहवालात म्हटलंय की शेतीतून होणारी वाढ गरिबी कमी करायला इतर क्षेत्रांतल्या वाढीपेक्षा किमान दुप्पट कामी येते. काका बाजूला तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "दुप्पट म्हंते? मंग आपली काऊन नाही हटली बे?"

पुतण्या गप्प, मीही गप्प. घरची सात एकर कोरडवाहू, यवतमाळ जिल्ह्यातला दारव्हा तालुका. पाच एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, बाकी सोयाबीन-तूर. काका चाळीस वर्षं शेती वाहतात, आळशी म्हणायची सोय नाही.

तर विचारतो, अहवाल खोटा की आमचं गाव वेगळं? आपापल्या गावात डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. पक्षांची उणीदुणी काढायला दुसरे धागे आहेत.

पुण्यात_अडकलेला
अहवाल खोटा नाही, पण काकांचा प्रश्न जास्त खरा आहे. देशातली निम्म्याच्या जरा खाली, ४६ टक्क्यांच्या आसपास कामकरी माणसं शेतीवर, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंगतीत निम्मी माणसं बसली आणि त्यांच्यापुढे पातेल्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. यातून गरिबी कशी जाईल?

माझं गाव वाशीम जिल्ह्यात. स्लॅबची घरं मोजलीत तर प्रत्येक घरामागे एक तर मास्तर, एक तर फौजी, नाही तर माझ्यासारखा पुण्या-मुंबईला गेलेला. शेतीवर स्लॅब टाकलेला मला एक दाखवा. गरिबी शेती सोडल्यानं गेली.

दोन_शब्द
सतरंजी टाकली. चहा कोणी आणता का?

वरुडची_संत्री
@पुण्यात_अडकलेला, एक काय, गल्लीच्या गल्ली दाखवते. आमच्या वरुड-मोर्शीला संत्र्यासाठी उगाच विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणत नाहीत. माझ्या आजोबांचं घर मातीचं होतं, वडिलांनी बांधलं ते संत्र्याच्या आंबिया बहाराच्या दोन चांगल्या वर्षांत. आणि बाग म्हणजे फक्त बागवाला नाही हो. तोडणीवाले, भरणीवाले, पेट्या ठोकणारे, गाडीवाले, मंडीतले हमाल, कलमांच्या रोपवाटिका. हंगामात मध्य प्रदेशातून माणसं कामाला येतात आमच्याकडे.

पुण्यात_अडकलेला
आणि पाणी किती फुटांवर गेलं ते पण सांगा.

वरुडची_संत्री
सांगते ना. हजार फुटांची बोअर झाली काही ठिकाणी. भूजल उपशात आमचा तालुका कधीचा लाल यादीत आहे. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत नेलं तेव्हा माल मातीमोल गेला, तेही सांगते. पण शेतीनं पैसा येतच नाही म्हणाल तर भांडीन.

दोन_शब्द
संत्रावाले आले की चर्चा आंबट होतेच.

काळी_माती
थोडं मागे जाऊ या. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण छाती फुगवून सांगतो. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वे आली, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. वाढच वाढ. आणि त्याच वऱ्हाडात १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसं अन्नावाचून मेली. रुळ होते, बाजार होता, कापसाच्या गाठी होत्या. ज्वारीच्या वावरात कापूस गेला होता आणि ज्वारी विकत घ्यायला मजुराजवळ पैसा नव्हता.

तेव्हा नुसतं 'शेतीची वाढ' म्हणून भागत नाही. त्याच अहवालात चीनचा दाखला आहे, तिथं शेतीतल्या वाढीचा परिणाम साडेतीनपट निघाला. पण १९७८ नंतर तिथं सामुदायिक शेती मोडून कुटुंबाकुटुंबाला जमीन कसायला दिली, ती बरीचशी सारखी. वाढ झाली ती घरोघर गेली. आपल्याकडे वाढ सातबारा पाहून घरात शिरते.

धुऱ्यावरचा
हे वाचून काकांची वही काढली. गेल्या म्हणजे २०२४-२५ च्या हंगामाचा कापसाच्या एका एकराचा हिशेब जसाच्या तसा देतो:

बियाणं दोन पाकिटं १,७२८. खत ५,२००. फवारणीची औषधं ४,५००. नांगरणी-वखरणी ट्रॅक्टरनं ३,०००. निंदण-डवरण ६,०००. वेचणी किलोला दहाप्रमाणे ६,०००. वाहतूक १,०००. एकूण २७,४२८.

पिकला सहा क्विंटल. हमीभाव ७,५२१ होता, पण सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी, ओलाव्याची कटकट, चुकाऱ्याची वाट पाहणं, शिवाय उधारीसाठी दुकानदार दारात उभा. खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, ७,००० नं दिला. आले ४२,०००. उरले १४,५७२. पाच एकरांचे बहात्तर-त्र्याहत्तर हजार. म्हणजे महिन्याला सहा हजार, घरात चार माणसं. यात काका-काकूची स्वतःची मजुरी धरलेली नाही. धरली तर बहुतेक काका काकूला देणे लागतील.

पुण्यात_अडकलेला
घ्या! माझंच म्हणणं काकांच्या वहीत निघालं. सरकारी पाहणीही हेच सांगते. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरी-पगारातून ४,०६३. शेतकरी म्हणवणारा पिकापेक्षा मजुरीवर जास्त जगतो. आता बोला.

निंदणवाली
मी बोलते. खूप दिवस नुसती वाचत होते इथं.

माझी आई मजूर. जमीन शून्य. यवतमाळच्या कळंबजवळचं गाव, लोकांच्या वावरात निंदण-वेचणी करून तिनं आम्हा तिघांना शिकवलं. तुम्ही सगळे ती वही काकांच्या डोळ्यांनी वाचता आहात. एकदा माझ्या आईच्या डोळ्यांनी वाचा. निंदण-डवरण ६,०००, वेचणी ६,०००. काकांच्या वहीत हा खर्च आहे, आमच्या घरी हीच मिळकत होती. काकांना एकरी साडेचौदा हजार उरले म्हणता, त्याच एकरानं मजुरांच्या घरी बारा हजार घातले. शेतीनं गरिबी कमी होते ती अशी. सातबाऱ्यावर नाव नसलेल्याच्या चुलीत ती आधी जाते.

आणि ज्या वर्षी कापूस दहा हजारांच्या वर गेला ना, २०२१-२२ ला, त्या वर्षी वेचणीचा दरही वाढला. कास्तकार स्वतः ऑटो घेऊन वस्तीत यायचे, "या वो बाई, चहा-पाणी देतो." आईनं त्या हंगामात कानातले केले. पहिल्यांदा. सीतादहीच्या दिवशी वावरात दही-भात ठेवून कास्तकारीण पूजा करते, आई म्हणायची की त्या वर्षी आमच्याच घरी पूजा घालायला पाहिजे होती.

जिनिंगवाला
@निंदणवाली, टोपी काढली. आमचा जिनिंगचा धंदा असून असा विचार केला नव्हता.

तुमचाच धागा पुढे ओढतो. त्या २७,४२८ मधून बियाणं-खत-औषध बाजूला काढा, ते ११,४२८. तो पैसा गावात थांबतच नाही, कृषी केंद्रातून थेट बाहेर. उरलेले सोळा हजार गावात राहतात. मजूर, ट्रॅक्टरवाला, गाडीवाला. मजुराच्या हातात आलेला रुपया कुठे जातो? किराणा, शिलाई, कटिंग, मंगळवारचा बाजार. तो पुण्याला जात नाही. मॉलवाल्याच्या नफ्यातला रुपया आमच्या दिग्रसला कधी आल्याचं पाहिलं नाही. म्हणून ते दुप्पट-बिप्पट निघत असावं.

आता वाईट बातमी. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी, बाकी घट. १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल लागतात. सरकीचं तेल आणि ढेप (जनावरांची पेंड) निदान इकडे राहते, गाठी मात्र ट्रकमध्ये बसून गुजरात नाही तर तामिळनाडू. सूत तिथं, कापड तिथं, शिवणारे हात तिथले. एका शर्टाला पाव किलो रुई धरा, म्हणजे पाऊण किलोच्या आत कापूस, म्हणजे काकांना मिळाले पन्नास रुपये. तोच शर्ट यवतमाळच्या दुकानात आठशेला टांगलेला असतो. मधल्या साडेसातशेत जेवढी पोटं भरतात ती बहुतेक विदर्भाबाहेरची. पुलगावची मिल गेली, एम्प्रेस गेली. उरलो आम्ही, सरकी काढणारे.

दोन_शब्द
आठशेचा शर्ट? माझा अडीचशेचा आहे. त्यात काकांचा वाटा जास्त पडतो का?

जिनिंगवाला
त्यात काका नाहीतच, तो पॉलिस्टर आहे.

वडसा_एक्स्प्रेस
विदर्भ म्हटला की तुम्ही कापूसवाले वर्ध्यालाच विदर्भ संपवता जी. इकडे धानाचा विदर्भ आहे, भंडारा-गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूर. जुन्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेल्या तलावांवर पिढ्यान् पिढ्या धान पिकतो.

रुपया गावात फिरतो कसा ते पाहायचं तर दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या धानपट्ट्यात या. धान निघाला की मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्रभर नाटक. नाटक कंपन्यांचं ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं वडसा. तिकीट काढून, कडाक्याच्या थंडीत, शेकोटीजवळ बसून माणसं सकाळी पाचपर्यंत पाहतात. नट, नट्या, पेटीवाला, मंडपवाला, पडदेवाला, भज्यांचे ठेले, जावई-पाहुण्यांसाठी कोंबडे विकणारी म्हातारी, सगळे धानावर. ज्या साली धान मार खातो त्या साली प्रयोग कमी लागतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकाची गरज नाही, वडशात नाटकांच्या तारखांची वही पाहा.

वरुडची_संत्री
वा! नाटकाच्या तारखांवरून शेतीची वाढ मोजायची, हे आवडलं. आमच्याकडे मोटारसायकलच्या शोरूममध्ये कळतं.

काळी_माती
आमच्याकडे पोळ्याच्या बाजारात. बैलांच्या झुली-मटाट्या उधारीवर गेल्या की समजायचं, पीक बुडालं.

दोन_शब्द
आमच्याकडे लग्नात. बुफे असला की सोयाबीन पिकलं, पंगत असली की नाही.

खारपाणी
मी अकोला जिल्ह्यातला, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. विहीर खणली तर खारं पाणी, म्हणजे ओलीत (सिंचन) नाही, म्हणजे एकच पीक. तुम्ही पैसा फिरण्याच्या गोष्टी करता, पण आधी पिकायला तर पाहिजे. पोकरा या सरकारी कृषी प्रकल्पात काही गावांना शेततळी मिळाली. पावसाचं गोडं पाणी साठवून रब्बीला हरभऱ्याला एक-दोन पाणी देता येतं. माझ्या शेजाऱ्याचं एवढ्यानं बदललं. हरभरा वाढला हे एक, पण मला दुसरं जास्त दिसलं. आधी जानेवारीत त्याची पोरं सुरतेला जायची. आता एक जातो, एक राहतो.

@काळी_माती, जमिनीच्या वाटपाचं पटलं, पण आमच्याकडे वीस एकरवालासुद्धा पाण्यावाचून गरीबच आहे. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत होती. धागाकर्त्याचे काका सात एकरवाले, त्यामुळे कागदावर मोठे शेतकरी. काकांना विचारा, मोठं झाल्यावर कसं वाटलं.

धुऱ्यावरचा
विचारलं. उत्तर इथं छापण्यासारखं नाही.

कास्तकार_नं_१
निंदणवाली ताईंचा मान राखून बोलतो. मजुरी गेली आभाळात, माणूस मिळत नाही. राशन फुकट झाल्यापासून कामाला कोणी येईना. मजुराची गरिबी गेली असेल, पण आमच्या जिवावर गेली. म्हणून आता सगळे तणनाशक मारतात. तणनाशक सोसणारं, परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं गावोगाव लागतंय, २०१९ ला अकोट तालुक्यात तर जाहीरपणे पेरून आंदोलन झालं. पाच हजारांचं निंदण हजार-दीड हजारात उरकतं. मी तरी काय करू?

निंदणवाली
दादा, महिन्याला माणशी पाच किलो धान्यात कोणी घरी लोळत नाही. त्यात तेल, मीठ, दवाखाना, शाळा येत नाही. राशनमुळे एवढंच झालं की पडेल त्या भावात काम करायची लाचारी कमी झाली. तुम्ही पडेल त्या भावात कापूस विकायची लाचारी नको म्हणून हमीभाव मागता, तशीच ही गोष्ट आहे.

रोजगार हमीचंही असंच म्हणायचे लोक. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागेंची ती योजना मोठी झाली, १९७७ ला कायदा झाला. माझी आजी सांगते, खडी फोडायला जायची सोय होती म्हणून पाटलाला मजुरी वाढवावी लागली. तिनं फोडलेल्या खडीच्या पांदणीवरूनच आज तुमच्यासारख्यांचा कापूस बाहेर निघतो.

आणि फवारणी. २०१७ ला आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, त्यात रोजीनं फवारायला गेलेले बरेच. आमच्या गल्लीतला एक दवाखान्यातून परत आला, डोळ्यांनी अजून धड दिसत नाही. काम घेताना मजूर महाग वाटतो, एवढंच म्हणते.

कास्तकार_नं_१
ताई, यावर माझ्याजवळ उत्तर नाही. पण निंदण मला परवडत नाही हेही खरं.

जिनिंगवाला
तुम्हा दोघांच्या भांडणातच या धाग्याचं उत्तर लपलंय. तणनाशकानं एकरी उत्पन्न तेवढंच राहिलं, कास्तकाराचा फायदा वाढला. पण निंदणाचे पाच हजार वस्तीतून उठले, हजार-दीड हजार औषध कंपनीकडे गेले, बाकी कास्तकाराकडे राहिले. सोयाबीनचंही तेच. कापसाच्या वावरात तीन-चार वेचे, दिवाळीपासून होळीपर्यंत बायांना काम. सोयाबीन सोंगलं, हडंब्यातून (मळणी यंत्रातून) काढलं, आठ दिवसांत वावर रिकामं. आता तर हार्वेस्टर थेट शिरतो. पंजाबवाला येतो, काढतो, पैसे मोजतो, जातो. ही पण शेतीची वाढच. गरिबी मात्र त्यातून दुप्पट वेगानं हटणार नाही, पावपटीनंही नाही.

पुण्यात_अडकलेला
मी थोडं मागे घेतो. पूर्ण नाही. तुम्ही म्हणता तो फिरणारा रुपया मान्य, पण तो फिरून फिरून लहानच राहतो. माझ्या वडिलांनी मला शिकवलं ते तुरीच्या पैशावर हे खरं. अभियांत्रिकीची पहिल्या वर्षाची फी म्हणजे अकरा पोती तूर, अजून लक्षात आहे. म्हणजे शेती सोडायलाही शेतीनंच पैसा दिला. एवढं कबूल.

काळी_माती
एवढंच तर हवं होतं हो! जगात सगळीकडे शेती अशीच पातळ होत गेली. पोट भरल्यावर वाढलेला पैसा माणूस दुसऱ्या पोळीवर घालत नाही, कापड-फोन-शाळेवर घालतो. म्हणून देश सुधारला की उत्पन्नात शेतीचा वाटा घटतो. आपलं दुखणं एवढंच की वाटा घटला, पण माणसं तिथंच राहिली. खामगाव-अमरावतीला सूतगिरण्या, कपड्याचे कारखाने धडधडत असते तर खारपाणपट्ट्यातली पोरं सुरतेला कशाला गेली असती?

वडसा_एक्स्प्रेस
आणि पिकवणाऱ्यालाच सगळं मिळतं असंही नाही. आमच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी दीड-दोन एकरात निवडून निवडून धानाची एचएमटी ही नवी जात काढली. देशभर पेरली गेली, व्यापाऱ्यांच्या बंगल्यांवर मजले चढले. दादाजी २०१८ ला गेले ते गरिबीतच. वाढ झाली ना जी, भरपूर झाली.

खारपाणी
यावर दोन मिनिटं गप्प बसतो.

दोन_शब्द
मीही.

कास्तकार_नं_१
विषय बदलतोय, माफ करा. @जिनिंगवाला, ढेपीचा भाव काय चालू आहे? म्हशी दोन झाल्या. खरं सांगू का, माझ्या घरात दर दहा दिवसांनी रोख दिसते ती दुधाचीच. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि कृषी केंद्राच्या उधारीत बसून निघून जातो. या धाग्यावर दुधाचं कोणी नावच काढलं नाही.

वरुडची_संत्री
कारण म्हशी बायका पाहतात.

जिनिंगवाला
ढेपीचं व्यनि (खासगी निरोप) करतो. इथं भाव लिहिला की उद्या सगळे तेवढ्यालाच मागतील. कापसाचं मात्र यंदा विचारू नका, २०२५ च्या ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत ११ टक्के आयातशुल्क काढलं होतं. बाहेरच्या गाठी स्वस्तात आल्यावर गिरणीवाला माझं कशाला ऐकेल?

धुऱ्यावरचा
रात्री हा सगळा धागा काकांना वाचून दाखवला. जिनिंगवाल्यांचा पन्नास रुपयांचा शर्ट आणि निंदणवाली ताईंचं 'खर्च म्हणजे मिळकत' हे दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे माह्या वावरानं गरिबी हटवली, फक्त माही सोडून." हसले. मग काकूकडे पाहून म्हणाले, "हिची तं अजिबातच नाही."

पुतण्यानं निबंधात वही, नाटक, तणनाशक सगळं घातलं. सरांनी शेरा दिला: 'मुद्दे चांगले, उदाहरणे फार स्थानिक.'

निंदणवाली
काकांना सांगा, वही खरी ठेवली याबद्दल आभार. आणि विचारा, यंदा वेचणी किती दिली?

धुऱ्यावरचा
बारा रुपये. दोन वेचे झाले. तिसऱ्याला माणसं मिळाली नाहीत, घरच्यांनीच वेचला. काकू, मी, पुतण्या.

निंदणवाली
पुतण्यानं किती वेचला?

धुऱ्यावरचा
दिवसभरात अकरा किलो.

निंदणवाली
माझी आई पन्नास वेचायची. बारानं पुतण्याच्या अकरा किलोचे एकशे बत्तीस झाले. द्या त्याला.